पश्चिमेची भिंत

सहाव्या खोलीतून सातव्या खोलीत शिरताना तिने सवयीप्रमाणे हाताची उपडी बाजू भिंतीला लावली आणि ती जागच्या जागी थबकली. भिंतीला ताप होता. दुसरा शब्द तिला सुचला नाही, आणि सुचला असता तरी तिने तो घेतला नसता. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. उतरता सूर्य पश्चिमेच्या अंगाला अजून रेलून उभा होता. तिनेच नकाशा काढलेल्या नव्या वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर रंगाआधीचा, कोरड्या गिलाव्याचा वास भरून राहिला होता आणि खिडक्यांच्या काचांवरचे कागद अजून कोणी काढले नव्हते. ती परत सहाव्या खोलीत गेली. तिथली भिंत शांत होती, झोपलेल्या माणसाच्या खांद्यासारखी. पुन्हा सातवी. ज्वर. मध्ये केवळ एका आडव्या भिंतीचे अंतर. दोन्ही खोल्यांचे माप एक, नकाशा एक, दिशा एक, सूर्यही एकच. मग शस्त्रक्रियेने बसवलेल्या नव्या गुडघ्याला जपत ती एकेका दारातून आत शिरत अठराव्या खोलीपर्यंत गेली आणि आजारी मुलांच्या रांगेतून फिरणाऱ्या परिचारिकेसारखी प्रत्येक भिंतीला हात लावत राहिली. सात ते अठरा, बाराच्या बारा खोल्या तापलेल्या. जिना उतरून तिने दुसरा मजला पाहिला. पश्चिमेच्या अठराही खोल्या शांत. पहिला मजलाही शांत. अंगणात येऊन वर पाहिले तर बाहेरून सगळी भिंत सारखीच. थर एका ओळीत, सांधे एकजीव, चांगल्या पाठांतरासारखी कुठेही न अडखळणारी. आत काय झाले असावे हे तिला भिंत न फोडताच कळले, आणि कळल्याबरोबर जी भावना उठली ती भयाची नव्हती, दुःखाचीही नव्हती. “नाही,” असे ती मोठ्याने म्हणाली. कोणाला, ते तिचे तिलाही ठाऊक नव्हते. अंगणात वाळू चाळणारी एक मजूरबाई तेवढी होती, तिने चाळणी थांबवली आणि विचारले, “मला काही म्हणालात का?”

त्या भिंतीसाठी ती तीन वर्षे भांडली होती. एकशे आठ खोल्यांचे वसतिगृह, आणि त्यात खोली थंड करणारे एकही यंत्र नाही, हे तिने पहिल्याच सभेत सांगितले तेव्हा महाविद्यालयाच्या बांधकाम समितीतले सात सभासद एकमेकांकडे पाहून असे हसले होते, जसे लग्नघरात कोणा म्हाताऱ्या आत्याने काही विचित्र मागणे घातले की हसतात. तिने ते हसू ऐकून घेतले आणि नकाशा उलगडला. वारा आत कुठून येईल आणि तापून वर कुठून जाईल, छपरावर कोणत्या रंगाची फरशी बसेल, छज्जा किती पुढे आला म्हणजे दुपारचे ऊन उंबऱ्याबाहेरच ताटकळेल, हे सगळे तिने दाखवले, आणि शेवटी बोट ठेवले ते पश्चिमेच्या भिंतीवर. ही भिंत दुहेरी. बाहेर विटांची एक भिंत, आत विटांची दुसरी, आणि दोहोंच्या मध्ये चार बोटांची पोकळी. त्या पोकळीत केवळ कोंडलेली हवा. बाहेरची भिंत दिवसभर तापेल, पण तो ताप आतल्या भिंतीला सहजी देणार नाही. इमारतीचा भार खांबांवर आहे, भिंतीवर नाही. “म्हणजे आपण मुलांना पोकळ भिंती देणार,” असे एक सभासद म्हणाला तेव्हा ती म्हणाली होती, “हो. आणि भरीव झोप.” हे उत्तर तिला तेव्हा फार आवडले होते, आता अंगणात उभी राहून आठवताना त्यातला डौल तिला टोचला. भांडण ती जिंकली. तिच्या शब्दाखातर महाविद्यालयाने विजेचा लहान ट्रान्सफॉर्मर घेतला, दिवे आणि पंखे यांच्यापुरता. कारण अधिक लागणारच नव्हते. तसे तिने लिहून दिले होते, सही करून.

सही. हा शब्द मनात उमटला आणि तिला अंगणातल्या उन्हातही हाताच्या उपड्या बाजूवर तो ताप पुन्हा जाणवला. हात असा लावण्याची सवय मुळात तिची नव्हतीच, ती पाराची. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका वसतिगृहात, सगळ्यात वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या खोलीत त्या दोघी राहत होत्या. पारा भौतिकशास्त्र शिकत होती आणि प्रयोगशाळेतून मागून आणलेला एक तापमापक तिने दाराशेजारच्या खिळ्याला कायमचा टांगला होता; म्हणून मुलींनी तिला ते नाव दिले होते, आणि तिचे खरे नाव हजेरीपुरतेच उरले होते. ती सकाळ, दुपार, संध्याकाळ पारा पाहून एका वहीत आकडे लिहीत असे. आणि संध्याकाळचा आकडा लिहून झाला की पश्चिमेच्या भिंतीसमोर डॉक्टरासारखी उभी राहून, हाताची उपडी बाजू लावून, गंभीर चेहऱ्याने निदान सांगत असे, “आजही उतरलेला नाही. रुग्णाला हलकं खायला द्या. भेटायला येणाऱ्यांनी गडबड करू नये.” दोघीही हसत. मग ओल्या पंच्याची घडी मानेवर ठेवून पारा गणिते सोडवायला बसे, आणि तिच्या कोपराखालचा कागद घामाने भिजून शाई पसरे. ती कागद उलटा करी आणि पुन्हा पहिल्यापासून मांडी. चाळीस दिवसांचे आकडे झाले तेव्हा पाराने त्यांचा एक अर्ज केला, अधीक्षिकाबाईंच्या नावे, अतिशय नम्र भाषेत. अधीक्षिकाबाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, “पूर्वीच्या मुली सहन करत होत्या.” एवढेच. पुढचे, जे अधीक्षिकाबाईंनी केले आणि जे तिने स्वतः केले, ते आठवायचे नाही असा तिचा नियम होता. तो नियम तिने तेव्हाही पाळला, आणि वाळू चाळणाऱ्या बाईला म्हणाली, “तुम्हाला नाही हो. वरच्या मजल्याला म्हणाले.”

घरी पतीने दार उघडले. तो न्यायालयातला निवृत्त लघुलेखक. जन्मभर दुसऱ्यांच्या जबान्या त्याने शब्दशः उतरवून घेतल्या होत्या आणि त्यामुळे समोरच्याचे न बोललेले वाक्यही त्याला ऐकू येते, असा त्याचा दावा होता. तिने चपला नीट जोडून ठेवल्या, हे पाहूनच तो म्हणाला, “अगं, काय मोडलं?”

“मोडलं नाही. भरलं.”

तिने सगळे सांगितले. वसतिगृहाच्या प्रवेशाला बारा दिवस राहिले होते. उद्या दुपारी प्राचार्यांच्या खोलीत पूर्णत्वाच्या दाखल्यावर तिला सही करायची होती. त्या सहीशिवाय दार उघडणार नव्हते. आणि ती सही केली की त्या बारा खोल्यांत चोवीस मुले राहायला येणार होती, ज्यांना थंड भिंतही मिळणार नव्हती आणि थंड करणारे यंत्रही नाही, कारण यंत्राला लागणारी वीजच तिने येऊ दिली नव्हती. भिंतीच्या आत डोकावून कोणीही पाहणार नव्हते. वीज वाचवणाऱ्या इमारतीचे मानपत्रसुद्धा नकाशे बघूनच मिळणार होते, आणि नकाशे तर निर्दोष होते.

“मी चाळीस वर्षं लोकांचं खोटं लिहून घेतलं,” तो चहाचे आधण ठेवत म्हणाला. “शब्दशः. एका काना-मात्रेची चूक नाही. तेव्हा मला विचारू नकोस. सही कर म्हणणार नाही, करू नकोस म्हणणार नाही. साखर किती, एवढंच विचारीन.”

“अहो, तुम्हाला पाराचं कधी सांगितलंय का मी?”

“तापमापकवाली? सांगितलंयस की. पंधरा वेळा. भिंतीला ताप आहे म्हणायची.” तो थांबला. “दर वेळी तिथंच संपवतेस. अर्ज दिला, अधीक्षिकाबाई असं म्हणाल्या, आणि मग तू उठून काहीतरी कामाला लागतेस.”

ती उठली नाही. काय झाले ते तिने सांगितले, कपाकडे पाहत. ती तेव्हा त्या मजल्याची प्रतिनिधी होती. अधीक्षिकाबाईंनी तिला एकटीला बोलावून एक टंकलिखित कागद पुढे केला होता : खोल्यांविषयी मुलींची तक्रार नाही, सदर अर्जातील आकडे अतिशयोक्त आहेत. खाली तिचे नाव आधीच छापलेले. “पूर्वेकडे एक खोली रिकामी होतेय,” अधीक्षिकाबाई अगदी मायेने म्हणाल्या होत्या, “तुझा तिथं अभ्यास चांगला होईल.” तिने सही केली. त्यात धमकी नव्हती, जबरदस्ती नव्हती. पेनसुद्धा तिचेच होते. त्या आठवड्यात ती पूर्वेच्या खोलीत गेली. आणि जे तिला आजवर कोणालाही सांगता आले नव्हते ते हे, की तिथे तिला फार छान झोप लागली. अपराधाने तळमळली असती तर निदान काही तरी लाज राखली गेली असती. पण भिंत थंड होती, आणि ती पहिल्याच रात्री गाढ झोपली, आणि दुसऱ्याही. पारा परीक्षेच्या आधी तीन आठवडे आजारी पडून गावी निघून गेली. परत आली नाही. जायच्या दिवशी ती पूर्वेच्या खोलीत निरोपाला आली, ट्रंक खाली ठेवली, हिच्या कपाळावर हाताची उपडी बाजू ठेवली आणि म्हणाली, “तुला नाही ताप.”

चहा निवला होता. पतीने तो ओतून दिला आणि पुन्हा आधण ठेवले. मग तो म्हणाला, “हे मी लिहून घेतलेलं नाही, बरं का.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मिस्त्रीला तिसऱ्या मजल्यावर बोलावले. मिस्त्री म्हणजे गवंड्यांचा म्होरक्या; वय तिच्याच आसपास, भुवयांवर सिमेंटची कायमची पांढरी रेघ. थापी धरण्याची त्याची पद्धत अशी, की पाहणाऱ्याला वाटावे हा माणूस पूजेला बसला आहे. तिने विजेचे गिरमिट मागवले आणि आधी सहाव्या खोलीच्या भिंतीला लावले. गिरमिट गुरगुरत विटेतून गेले आणि एकाएकी धस्सकन पुढे घुसले, कारण पुढे हवा होती. मग सातवी खोली. तिथे ते गुरगुरत राहिले, गुरगुरतच राहिले, आणि भोकातून आधी तांबडी भुकटी, मग करडी, मग पुन्हा तांबडी भुकटी जमिनीवर सांडली. मिस्त्री शांतपणे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर पकडला गेल्याचे चिन्ह नव्हते. उलट कोणी तरी अखेर विचारले याचे समाधानच असावे.

“भरीव आहे, बाई. बघून घ्या. सातपासून अठरापर्यंत.”

“कोणी सांगितलं भरायला?”

“कोणी कशाला सांगायला हवं? रोज सुट्टीच्या वेळी माल उरतो, विटांचे तुकडे उरतात. फेकायच्या ऐवजी पोटात टाकले. कंत्राटदाराची एक घमेलं वाळू जास्त घेतली नाही.”

“मिस्त्री, नकाशात पोकळी होती.”

“होती ना. खालचे दोन मजले तुम्ही रोज समोर उभ्या होतात, म्हणून नकाशासारखं केलं. इथल्याही सहा खोल्या केल्या. पण मनाला गोड वाटत नव्हतं.” त्याने भिंतीवर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. “माझ्या वडिलांनी थापी हातात दिली तेव्हा एकच सांगितलं. भिंतीच्या पोटात लबाडी ठेवू नकोस. बाहेरून भिंत आणि आत वारा, याला आमच्यात चोरी म्हणतात, बाई. मग तुम्ही गुडघ्यासाठी दवाखान्यात गेलात. म्हटलं, बाई भोळ्या, कुणीतरी यांना कागदावर काहीतरी काढून दिलंय. उद्या वरून काही कोसळलं तर नाव कुणाचं जाणार?”

“म्हणजे माझ्यासाठी भरलीत?”

“मग काय माझ्या सासऱ्यासाठी?”

तिला हसू आले. सहा आठवडे ती खाटेवर पडून फोनवर छायाचित्रे पाहत होती. सगळी छायाचित्रे बाहेरच्या अंगाची, थर मोजत होती, शाबासकी कळवत होती. आणि त्या सहा आठवड्यांत हा मनुष्य रोज संध्याकाळी, कामाची वेळ संपल्यावर, स्वतःच्या घामाने, तिच्या अब्रूसाठी तिची इमारत बिघडवत होता. राग यावा अशी जागा तिने स्वतःच्या आत शोधली, सापडली नाही. सापडले ते वेगळेच. पोकळी चार बोटांची असावी हे तिने नकाशात लिहिले होते. कोणत्या थरानंतर दोन्ही भिंतींना जोडणारी सळई घालायची हे लिहिले होते. समितीला तिने आलेख दाखवले होते, प्राचार्यांना आकडे, वृत्तपत्राच्या बातमीदाराला तर एक उपमासुद्धा. पण जो माणूस ती पोकळी प्रत्यक्ष हाताने सोडणार होता त्याला, ती कशासाठी, हे दोन वर्षांत एकदाही सांगितले नव्हते. ज्याने एका विटेलाही हात लावायचा नव्हता त्याला तिने सगळे पटवले होते.

“संध्याकाळी साडेपाचला इथंच भेटा,” ती म्हणाली. “आणि छिन्नी आणा.”

प्राचार्यांची खोली थंड होती. भिंतीवरचे यंत्र हलकेच गुणगुणत होते. प्राचार्य एके काळी ती शिकवत असे त्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसत. अजूनही बोलताना ते पेन्सिल कानावर अडकवण्यासाठी हात वर नेत आणि आपण आता कोण आहोत हे आठवून खाली घेत. शेजारी कंत्राटदार होता. त्याला सकाळच्या भोकाची बातमी तिच्या आधी पोचली होती. टेबलावर दाखला होता. ‘इमारत मंजूर नकाशाबरहुकूम पूर्ण झाली असून निवासास योग्य आहे.’ खाली तिचे नाव, आधीच छापलेले. तिने ते नाव वाचले. चाळीस वर्षांत नावे छापायची पद्धत बदलली नव्हती.

“मॅडम, बारा खोल्यांचाच प्रश्न आहे,” प्राचार्य म्हणाले. “एकशे आठातल्या बारा. तुम्हीच शिकवलंत आम्हाला, कोणतीही इमारत शंभर टक्के नकाशासारखी होत नाही.”

“शिकवलं होतं. त्याच तासाला पुढचंही वाक्य होतं. तू बहुतेक खिडकीबाहेर बघत होतास.”

कंत्राटदार खाकरला. “मॅडम, तुमचा दोषच नाही यात. माणसानं डोकं चालवलं. मी त्याला आजच काढून टाकतो. त्याच्या नावानं दोन ओळी लिहून द्या, तुम्ही मोकळ्या.”

“मग भिंत थंड होईल?”

“नाही, म्हणजे…”

“मग त्या खोल्यांत एसी बसवा,” ती प्राचार्यांकडे वळली.

“त्याला वीज कुठून आणू? तुम्हीच म्हणाला होतात लागणार नाही.”

“हो, मीच म्हणाले होते. म्हणून तर सही करत नाही.”

प्राचार्य खुर्चीत पुढे सरकले, आणि त्यांचा आवाज मऊ झाला. त्या मऊपणाने तिच्या पाठीचा कणा ताठ झाला, कारण तो तिच्या ओळखीचा होता. अगदी याच मायेने एकदा तिला पूर्वेची खोली मिळाली होती. ते म्हणाले, हे तुमचे शेवटचे मोठे काम, उद्घाटनाच्या कोनशिलेवर नाव कोरून झाले आहे, मानपत्र येईल, भिंतीत काय आहे हे तुमच्या-माझ्याशिवाय कोणाला कळणार आहे? “आणि मुलं काय, मॅडम. पंखा आहे, खिडकी आहे. आम्हीही असल्याच खोल्यांत शिकलो. पूर्वीची मुलं सहन करत होतीच ना?”

ते वाक्य चाळीस वर्षे वाट पाहून परत आले होते. तिला आश्चर्य वाटले ते याचे, की ते ऐकून मन मुळीच हलले नाही. उलट आत कुठे तरी एक दार नीट बसले, कडी लागली. तिने स्वतःचे पेन काढले. दाखला पुढे ओढला. ‘पूर्ण’ या शब्दावर एक सरळ आडवी रेघ मारून त्यावर तिने लिहिले, ‘अपूर्ण’. मग खालच्या मोकळ्या जागेत, वर्गात फळ्यावर लिहीत असे त्या सावकाश, गोल अक्षरात : ‘तिसरा मजला, पश्चिम, खोली सात ते अठरा. येथील दुहेरी भिंतीची पोकळी भरली गेली आहे. कारण, वास्तुकाराने पोकळी सोडावयास सांगितले, परंतु ती कशासाठी हे बांधणाऱ्यास सांगितले नाही. दोष वास्तुकाराचा. भिंत उघडून दुरुस्त होईपर्यंत या खोल्यांत कोणासही राहू देऊ नये. ज्याने ही भिंत बांधली त्यानेच ती दुरुस्त करावी. त्याच्याइतका चांगला हात या कामावर दुसरा नाही.’ आणि त्याखाली सही. पूर्ण नावाची, एकही अक्षर न गिळता. लिहून झाल्यावर तिला थोडा गर्वही वाटला; तो तिने दाबला नाही.

प्राचार्यांनी कागद वाचला. पेन्सिल नसलेल्या कानाकडे त्यांचा हात गेला. “हे बाहेर गेलं तर मानपत्र गेलं. तुमचं नाव…”

“जाऊ दे. ते कोनशिलेवर आहे ना? तिथून कुठं जाणार आहे?”

“आणि ही चोवीस मुलं मी ठेवू कुठं? बारा दिवसांत?”

“पहिल्या मजल्यावर उत्तरेला सहा दालनं आहेत. चौघं चौघं मावतील.”

“ती पाहुण्यांची आहेत! मान्यवर येतात, मॅडम.”

“मान्यवरांना तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेला उतरवा,” ती उठत म्हणाली. “पूर्वीचे पाहुणे सहन करत होते.”

कंत्राटदाराला हसू फुटले आणि ते त्याने खोकल्यात लपवले. दारापर्यंत पोचल्यावर प्राचार्यांनी मागून विचारले, अगदी दुसऱ्या बाकावरच्या आवाजात, “मॅडम, त्या तासाचं पुढचं वाक्य काय होतं?” तिने वळून पाहिले. ते खरोखरच विचारत होते. “की जिथं इमारत नकाशासारखी होत नाही, तिथं आधी तिथं राहणाऱ्याला सांगायचं,” ती म्हणाली, आणि त्यांनी तो कागद फाडला नाही, घडी घालून खिशात ठेवला, हे पाहून मगच बाहेर पडली.

साडेपाचला ऊन पुन्हा भिंतीला टेकले होते. मिस्त्री आधीच येऊन सहाव्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला होता, कंत्राटदाराकडून काहीतरी कानावर आले असावे, कारण तो एकदम उठला आणि नजर न देता म्हणाला, “ऐकलं मी. दोष तुमच्यावर घेतलात म्हणे. असं करायचं नव्हतं, बाई. मी कुणाच्या पदराआड लपणारा नाही.”

“लपवलेलं नाही तुम्हाला. तुमचं काम वाढवलंय. हात द्या इकडे. असा नाही, उपडा.”

तिने त्याचा हात सहाव्या खोलीच्या भिंतीला लावला. सिमेंटने घट्टे पडलेल्या त्या हाताला काही जाणवेल की नाही अशी तिला क्षणभर शंका आली. मग ती त्याला सातव्या खोलीत घेऊन गेली. मिस्त्रीने हात लावला, काढला, पुन्हा लावला. तिच्याकडे न पाहता तो स्वतःच सहाव्या खोलीत परत गेला, मग सातव्या, मग आठव्या. व्हरांड्यात त्याची पावले ऐकू येत राहिली. तो बारावीपर्यंत गेला असावा. परत आला तेव्हा भुवयांवरची पांढरी रेघ वर चढली होती.

“म्हणजे आतला वारा लबाडी नव्हती,” तो सावकाश म्हणाला.

“नाही. तो पहारा होता. बाहेरचं ऊन त्याला ओलांडून आत येऊ शकत नाही. तुम्ही पहारेकऱ्यालाच चिणून टाकलंत.”

“मग हे मला आधी का नाही सांगितलंत?” त्याचा आवाज चढला, आणि तो चढलेला आवाज तिला न्याय्य वाटला. “दोन वर्षं! दोन वर्षं मी रोज इथं. चहासुद्धा एका किटलीतला पितो आपण. तेवढं एक वाक्य तुम्हाला जड झालं?”

“झालं,” ती म्हणाली. यापुढे काही सांगण्यासारखे नव्हते, आणि जे होते ते तिने कागदावर सही करून दिले होते. मिस्त्रीने कमरेची छिन्नी काढली, भिंतीवर नखाने एक वीट आखली आणि कामाचा आवाज काढला. “आतली काढू. बाहेरची राहू दे, ती सुरेख बांधलीय.”

“कोणी बांधलीय?”

“मीच की.” तो हसला नाही, पण छिन्नीवर पहिला घाव बसला तेव्हा त्यात खेद नव्हता. गिलावा तडकला. पोपडे तिच्या चपलांवर पडले. तिने पाय मागे घेतला नाही. तिला वाटले, आपण आयुष्यभर भिंती उभ्या राहताना पाहिल्या, हा आनंद कधी घेतला नाही. प्रत्येक घावाबरोबर ती मनात एकेक आकडा मोजत होती, आणि मोजताना तिच्या ध्यानात आले की हे आकडे कोणाच्या वहीतले आहेत. ती वही आता कुठे असेल हे तिला ठाऊक नव्हते. त्या मुलीला, जी आता तिच्याच वयाची असेल किंवा नसेल, या खोलीचे काही कळणार नव्हते. क्षमा मागण्याची ती वेळ नव्हती आणि ही जागाही नव्हती; इथे फक्त एक भिंत होती, आणि ती पुन्हा उघडता येत होती.

वीट सुटली. मिस्त्रीने ती दोन्ही हातांनी ओढून काढली आणि टाकून न देता कडेला जमिनीवर ठेवली. मागे करडा, घट्ट बसलेला माल दिसत होता, त्यात विटांचे तांबडे तुकडे, एखाद्या प्रामाणिक माणसाने निवडून निवडून भरल्यासारखे. तिने त्या खाचेत हाताची उपडी बाजू घातली.

“ताप अजून आहे,” ती म्हणाली.

मिस्त्रीने छिन्नी काखेत धरली, हात अंगरख्याला पुसला आणि तिच्या हाताशेजारी तसाच, उपडा, टेकवला. डोळे बारीक करून तो भिंतीचे ऐकत राहिला.

“उतरेल, बाई,” तो म्हणाला, आणि त्याने दुसऱ्या विटेला छिन्नी लावली.